ई-मेलचा लखोटा

पोस्टकार्डावर काय लिहावे आणि काय नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नसे. खुशाली कार्डावर, पैशाअडक्याचे, सोयरिकीचे बोलणे पाकिटात. ई-मेलच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटला आहे. पासवर्ड टाकून मेल उघडतो, म्हणजे तो बंद पाकिटातूनच आला, असे आपण धरून चालतो. पण पासवर्ड ही आपल्या पेटीची किल्ली. वाटेतल्या प्रवासाशी तिचा संबंध नाही.

मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातो तो एसएमटीपी या नियमावलीने. जॉन पोस्टेल यांनी ती १९८२ साली लिहिली, तेव्हा मजकूर उघडाच जाई. तो कूटबद्ध करण्याची 'स्टार्टटीएलएस' ही सोय १९९९ साली जोडली गेली. गोम इथेच आहे. समोरचा सर्व्हर "मला कूटभाषा येते" म्हणाला तर पत्र पाकिटात. काहीच बोलला नाही तर तेच पत्र उघडे रवाना! मध्येच कोणी ते उत्तर गाळले, तरी दोघांनाही पत्ता लागत नाही.

ज्या संस्था स्वतःचा मेल सर्व्हर चालवतात, त्यांच्याकडे 'कनेक्टर' असतात. जाणाऱ्या टपालाचा वेगळा, येणाऱ्याचा वेगळा. बँक, विद्यापीठ यांच्याकडे जाणाऱ्या मेलसाठी तिथे टीएलएस सक्तीचे करावे आणि समोरचे प्रमाणपत्रही तपासायला लावावे. मग पाकीट नसेल तर पत्र रांगेत थांबते, शेवटी परत येते. "मेल गेलाच नाही!" अशी कार्यालयात ओरड होते. माझ्या मते ती सोसावी. पगारपत्रक उशिरा पोहोचले तर चार शब्द ऐकावे लागतील. उघडे गेले तर कोणी वाचले हे कळणारही नाही.

येणाऱ्या बाजूचे दुखणे निराळे. पाकिटावरचे नाव आणि आतल्या पत्राच्या माथ्यावरचे नाव एकच असावे, असा एसएमटीपीचा आग्रह नाही. प्राचार्यांच्या नावाने "तातडीने रक्कम भरा" असे पत्र येऊ शकते ते याच फटीतून. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या त्यासाठीच आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना त्या बंधनकारक केल्या. शिवाय आपला कनेक्टर कोणाचेही टपाल कुठेही ढकलणारा नसावा. नाहीतर भुरटे त्यावरून कचरा पाठवतात, आपला पत्ता काळ्या यादीत जातो आणि आपली खरी पत्रेही दारातून परत येतात.

एक मात्र आहे. टीएलएसचे पाकीट वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरवर उघडले जाते. तेव्हा प्रश्नपत्रिका पाठवताना फाईललाच कुलूप घालावे आणि किल्ली फोनवर सांगावी.