सर्व्हेतलं एक घर किती घरांच्या वतीने बोलतं?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण हरकती-सूचनांची मुदत संपल्यावर वाचू नका.

शहराचा वाहतूक आराखडा येतो तेव्हा आपण थेट नकाशावर जातो. उड्डाणपूल कुठे, मेट्रो कुठे, आपली गल्ली रुंद होणार का. पण हे सगळं ज्या आकड्यावर उभं असतं तो तक्ता कुणी उघडत नाही : इतके टक्के दुचाकीने, इतके बसने, इतके पायी. हा तक्ता घरोघरच्या प्रवास-सर्व्हेतून येतो. त्याला वेटेज कसं दिलं, हे विचारलं की समोरचे साहेब म्हणतात, "तो तांत्रिक भाग आहे." तांत्रिक वगैरे काही नाही, चौथीचं गणित आहे.

समजा एका प्रभागात ५०,००० कुटुंबं आहेत. २०,००० वस्तीत, ३०,००० सोसायट्यांत. सर्व्हे ५०० घरांचा. पण लिंक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली, म्हणून ४०० घरं सोसायटीतली आली आणि वस्तीतली फक्त १००. वस्तीत ६० टक्के फेऱ्या पायी, सोसायटीत २० टक्के. घरटी फेऱ्या सारख्याच धरू. सरळ सरासरी काढली तर पायी फेऱ्या २८ टक्के. आता वेटेज द्या : वस्तीतलं एक घर २०० घरांच्या वतीने बोलतं, सोसायटीतलं ७५ च्या. उत्तर येतं ३६ टक्के. आठ टक्के फेऱ्या नुसत्या बेरजेत गायब! मग फुटपाथला पैसे कशाला, चालतंय कोण?

उलटंही होतं बरं का. वॉचमन गेटवरच अडवतो, मग बंगले आणि टॉवर कमी पडतात. म्हणजे आकडा कुठल्या बाजूला कललाय हे वेटेज बघितल्याशिवाय सांगताच येत नाही.

हा फरक किरकोळ नसतो. २००४ च्या हिवाळ्यात जागतिक बँकेच्या संशोधकांनी मुंबईत ५,००० कुटुंबांचा सर्व्हे केला होता. कामावर पायी जाणारे निघाले ४४ टक्के. फक्त गरिबांचं बघितलं तर ६३. लोकलच्या मुंबईत! अशा शहरात गरीब घरं नमुन्यात कमी पडली आणि वेटेज नीट दिलं नाही, तर तो ४४ चा आकडा घसरणारच.

आता पुण्याचं बघा. वेटेज द्यायला खरी लोकसंख्या लागते, आणि आपल्याकडे शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा महापालिका हद्दीत सुमारे ३१.२ लाख माणसं. त्यानंतर २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. २०२१ ची जनगणना झालीच नाही. तेव्हा २०११ वर बेतलेलं वेटेज आजच्या वाघोली-मांजरीला लावणं म्हणजे मुंजीतला सदरा लग्नात घालणं. लोकसंख्या अंदाजाने धरली असेल तर हरकत नाही, पण अंदाज कशावरून काढला ते छापा ना!

शिवाय वेटेज म्हणजे जादू नव्हे. लेबर कॅम्पमध्ये कुणी गेलंच नाही, कॉट बेसिसवरच्या पोरांना कुटुंब म्हणून मोजलंच नाही, तर शून्याला कितीनेही गुणा. घरातला एकच माणूस सगळ्यांच्या वतीने फॉर्म भरतो आणि बायकोची दूध, शाळा, रेशन ही पायी फेरी विसरतो. ती कुठल्याच वेटेजने परत येत नाही. आणि एखादं घर दोन हजार घरांच्या वतीने बोलत असेल, तर त्या दिवशी त्या घरात कुणाला ताप आला की कागदावर दोन हजार घरं आजारी!

"लोकांची खासगी माहिती कशी देणार?" हे ठरलेलं उत्तर. पत्ता, नाव, फोन काढून टाका की. अमेरिकेत राष्ट्रीय कुटुंब-प्रवास सर्व्हेची फाइल वेटेजच्या रकान्यासकट कुणालाही उतरवून घेता येते.

हरकतीत एवढंच लिहा : प्रभागनिहाय किती घरं निवडली, किती घरांनी उत्तर दिलं, प्रत्येक गटाचं वेटेज किती, ते कुठल्या वर्षाच्या लोकसंख्येवर बेतलं, आणि वेटेज देण्याआधीचा व नंतरचा तक्ता शेजारी-शेजारी. लेखी द्या आणि पोच घ्या. शिक्क्याशिवाय काउंटर सोडू नका.