गावाचे नाव सापडत का नाही? टेक्स्ट एडिटरच्या स्क्रिप्ट आणि इतिहासाचा विद्यार्थी

१/ पणदरे हे बारामती तालुक्यातील गाव. या गावाचे नाव संगणकावरील एखाद्या मोठ्या मराठी मजकुरात शोधू लागलो, तर ते असते तितक्या ठिकाणी सापडत नाही. पानावर ते डोळ्यांना स्पष्ट दिसते. ‘शोधा’ या खिडकीला मात्र दिसत नाही. आजचा हा दीर्घ थ्रेड त्या न दिसण्याविषयी आणि त्यावरील एका साध्या उपायाविषयी आहे.

२/ उपाय असा : आपण ज्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिप्यंतरे आणि टिपणे लिहितो, त्यात स्वतःच्या गरजेच्या छोट्या स्क्रिप्ट बसवणे. माझे मत आरंभीच नोंदवते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोडीच्या बरोबरीने हे कौशल्य शिकले पाहिजे. मात्र मूळ वाचनात बदल करण्याचा अधिकार त्याने कोणत्याही स्क्रिप्टला देऊ नये. या दोन वाक्यांत विरोध भासेल, तो पुढे उलगडतो.

३/ प्रथम नाव का सापडत नाही ते पाहू. पुणे–पुण्यात, ठाणे–ठाण्यात, तसेच पणदरे–पणदऱ्यात. सामान्यरूप होताच ‘रे’चा ‘ऱ्या’ होतो. हा अर्धा ‘ऱ’ मराठीचे खास लेणे आहे. दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर हे शब्द त्यावाचून लिहिता येत नाहीत. आणि नेमका हाच वर्ण युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिला जातो.

४/ एका मार्गात ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्या मार्गात ०९३० क्रमांकाचा नेहमीचा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर ‘पणदऱ्या’ आणि ‘पणदर्‍या’ सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरमालिका आहेत. शिवाय घाईत टंकलेला, रफाराचा ‘पणदर्या’ हा तिसरा भिडू असतोच.

५/ हीच गत ‘ॲ’ची. ०९७२ क्रमांकाचे हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून ते लिहीत आणि आजही पुष्कळजण तसेच लिहितात. युनिकोडने ठरवून दिलेल्या सामान्यीकरणाच्या नियमांनीही ही जोडरूपे एकत्र येत नाहीत. म्हणजे ही दुरुस्ती आपोआप होणार नाही. कोणीतरी ती जाणून केली पाहिजे.

६/ आता इतिहासाची भर घाला. मोडीत ण आणि न यांचा काटेकोर भेद सर्वत्र पाळलेला नसतो. जुन्या छपाईत ‘पुणें’, ‘ठाणें’ अशा नपुंसकलिंगी नावांवर अनुस्वार असे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यामुळे एकाच गावाचे नाव पाच-सहा रूपांत आढळणे मुळीच आश्चर्याचे नाही.

७/ उपाय एका ओळीचा आहे : प[णन]द[रऱ]. चौकोनी कंसाचा अर्थ ‘यांपैकी कोणतेही एक अक्षर’. बहुतेक चांगल्या एडिटरच्या शोधखिडकीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ हा पर्याय सुरू केला की ही ओळ पणदरे, पणदरें, पनदरे, पणदऱ्यास अशी रूपे एकाच फेरीत पुढे आणते. ती पणदरकर हे आडनावही आणील. निवड करण्याचे काम आपले.

८/ हीच ओळ पुनःपुन्हा वापरायची असेल, शंभर गावांसाठी वापरायची असेल आणि प्रत्येक ठिकाणाची फाइल व ओळक्रमांकासह यादी हवी असेल, तर ती स्क्रिप्टमध्ये ठेवावी लागते. नोटपॅड प्लस प्लस, व्हिम, ईमॅक्स, व्हीएस कोड या सर्वांत वापरकर्त्याला आपली स्क्रिप्ट बसवण्याची सोय आहे. हे चारही विनामूल्य आहेत. बारामती-इंदापूरकडील विद्यार्थ्याला पुण्याच्या दफ्तरखान्यात रोज जाणे परवडत नाही. त्याच्या हाती असते ती फाइल. म्हणून ही बाब चैनीची नाही.

९/ या सोयीला स्वतःचा इतिहास आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘टेको’ नावाचा एडिटर निर्माण झाला. पुढे एमआयटीच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाने त्याच्यासाठी स्वतःचे मॅक्रो रचले आणि एकाची मांडणी दुसऱ्याला कळेनाशी झाली. त्या पसाऱ्याला एकत्र बांधण्याचे काम गाय स्टील यांनी हाती घेतले आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी पुरे केले. १९७६ मध्ये त्यातून ईमॅक्स आला. त्याच्या नावातच ‘एडिटर मॅक्रोज’ हे शब्द दडलेले आहेत.

१०/ यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भर घालणारे वापरकर्तेच होते. कोणत्या कंपनीला मोडीची आठवण येईल याची वाट पाहत बसण्याची गरज नाही, हे तत्त्व तेथून आले. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली समाविष्ट झाली. ईमॅक्सच्या २०२३ मधील २९व्या आवृत्तीत मोडीसाठी स्वतंत्र सोय आली. मराठी विकिपीडियावरही नोंदणीकृत सदस्य आपल्या उपपानावर स्क्रिप्ट ठेवून संपादनाची खिडकी आपल्यापुरती बदलू शकतो.

११/ आपल्याकडील दफ्तरपरंपरेला ही वृत्ती परकी नाही. कारकुनांपाशी मेस्तके असत : पत्रांचे मायने, हुद्द्यांनुसार लिहायची संबोधने, दफ्तराचे नियम. तीच ती वाक्ये दरवेळी नव्याने जुळवण्याचे श्रम त्यामुळे वाचत. कारकून मेस्तकातून मायना घेई. पत्रातील मजकूर मात्र त्याला प्रसंग पाहूनच लिहावा लागे. यांत्रिक भाग आणि विचाराचा भाग यांची ही वाटणी आपणही स्वीकारावी.

१२/ दुसरे उदाहरण राज्यव्यवहारकोशाचे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेला हा कोश दहा वर्गांत विभागलेला असून त्यात राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. आजच्या भाषेत ती ‘शोधा आणि बदला’ची यादीच म्हणता येईल. परंतु त्या यादीत दोन्ही बाजू आहेत. नवा शब्द दिला तेव्हा जुना पुसला नाही. म्हणूनच तो कोश आज आपल्याला दोन्ही भाषांविषयी काही सांगू शकतो.

१३/ ही ‘दोन्ही बाजू राखण्याची’ शिस्त आपल्या बहुतेक डिजिटल मजकुरात नाही, आणि माझा खरा आक्षेप येथे आहे. ‘जाहाले’, ‘तेथोन’, ‘आसे’, ‘किलियाचा’ असे शब्द मूळ पत्रात असतात. शुद्धलेखन तपासणारी एखादी स्क्रिप्ट ती ‘झाले’, ‘तेथून’, ‘असे’, ‘किल्ल्याचा’ करून टाकते. वाचायला सोपे जाते, परंतु त्या काळचा उच्चार, लेखकाचा प्रांत आणि कधीकधी कागदाच्या अस्सलपणाचा पुरावा त्याबरोबर नाहीसा होतो.

१४/ राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. कागद जसा आहे तसा जगापुढे ठेवावा, हा आग्रह त्या पिढीने आपल्याला दिला. सव्वाशे वर्षांनंतर तोच मजकूर टंकून घेताना आपण एका कळीच्या दाबाने तो आग्रह मोडीत काढत असू, तर हे साधनांचे जतन नव्हे. छापील पानावर केलेली दुरुस्ती निदान शाईने दिसते. स्क्रिप्टने केलेली दिसत नाही.

१५/ कालगणनेचे उदाहरण घेऊ. शुहूर सनाचे आकडे कागदांत अरबी शब्दांनी येतात : इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सितैन ६०, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. या शब्दांवरून आकडा काढणारी स्क्रिप्ट तीस-चाळीस ओळींत लिहिता येते आणि शेकडो टिपणांवर ती क्षणात चालते.

१६/ पण पुढची पायरी फसवी आहे. शुहूर सन मृगापासून बदलतो. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सन मिळवण्यासाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ चे, म्हणजे शुहूर ११६१ मधील. सरसकट ५९९ मिळवणारी स्क्रिप्ट तो दिवस १७६० सालात नेऊन बसवील आणि उत्तर ठामपणे देईल.

१७/ याहून सूक्ष्म अडचण अशी : या कागदांत वर्ष सौर असते आणि महिना-तिथी मात्र हिजरी चांद्र. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. परिणामी एकाच शुहूर वर्षाच्या आरंभी आलेली हिजरी तारीख वर्षाच्या शेवटी पुन्हा येऊ शकते. अशा वेळी प्रामाणिक उत्तर एक नसून दोन असतात, आणि त्यांतील निवड पत्रातील प्रसंगावरून, वारावरून, खरे जंत्री उघडून करावी लागते.

१८/ म्हणून चांगल्या स्क्रिप्टची माझी व्याख्या अशी : जी संशय असेल तेथे संशय दाखवते. दोन तारखा शक्य असतील तर दोन्ही लिहिते, मूळ शब्द जागच्या जागी ठेवते आणि आपली भर वेगळ्या कंसात किंवा वेगळ्या फाइलमध्ये टाकते. एकच गुळगुळीत उत्तर देणारे साधन संशोधकाच्या कामाचे नसते, मग ते कितीही चतुर का असेना.

१९/ ‘सारे काही तयार ॲपमध्ये मिळते, मग हा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न येईल. तयार साधने अवश्य वापरा. पण जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय घडते ते पाहा. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर; रफाराचे याच्या उलट. जोडाक्षर मोठे असले की बदल चुकतो. ज्या साधनाचे पोट उघडून पाहता येत नाही, त्यात चूक कोठे झाली हे सांगता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. स्क्रिप्ट उघडी असते.

२०/ उघडी असली तरी ती न वाचता बसवू नये. १९९९ साली ‘मेलिसा’ नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोमधूनच जगभर पसरला होता. स्क्रिप्ट म्हणजे आपल्या फाइलींवर दुसऱ्याच्या हाताला दिलेली मुभा. जवळच्या मित्राने पाठवली तरी तीन प्रश्न विचारा : ही काय बदलते? कोणत्या फाइलींना हात लावते? केलेला बदल उलटवता येतो का? उत्तर सापडले नाही तर ती आधी एका नकलेवर चालवा.

२१/ ज्येष्ठांचा दुसरा आक्षेपही मला मान्य आहे : यंत्राच्या नादाने वाचन मागे पडते. शोधून सापडलेले चार उल्लेख म्हणजे गावाचा इतिहास नव्हे. आधीचे आणि नंतरचे पत्र वाचल्याशिवाय उल्लेखाला अर्थ येत नाही. परंतु हाताने शोधताना सुटलेले उल्लेखही इतिहासातून वगळलेच जातात, आणि ते नेहमी लहान गावांचे असतात. सुपे आणि इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते हे सर्वांना ठाऊक आहे. त्या परगण्यांतील एकेका गावाचे नाव कोण शोधणार? त्या गावाचे रहिवासीच.

२२/ तेव्हा माझी सूचना अगदी व्यावहारिक आहे. मोडी वर्गांत शेवटचे दोन तास या कामाला द्यावेत. प्रत्येक लिप्यंतराच्या दोन फाइली ठेवाव्यात : एक मूळ, जिला स्क्रिप्ट कधीही हात लावणार नाही; दुसरी शोधासाठी, जिच्यात ‘ऱ’ आणि ‘ॲ’ एकाच पद्धतीचे केलेले असतील. कोणती स्क्रिप्ट कोणत्या दिवशी चालवली, ते दुसऱ्या फाइलीच्या माथ्यावर लिहावे. दफ्तरातील कागदावर शेरा मारतात, तितकेच हे स्वाभाविक आहे.

२३/ आणि आरंभ आजच करता येईल. आपल्या गावाच्या नावाची सर्व रूपे कागदावर लिहा : सामान्यरूप, अनुस्वाराचे रूप, ण-न आणि श-स यांची अदलाबदल, ‘ऱ’ असल्यास त्याचे दोन्ही मार्ग. त्यावरून चौकोनी कंसांची एक ओळ तयार करा आणि हाताशी असलेल्या मजकुरावर चालवा. ती ओळ व गावाचे नाव खाली उत्तरात लिहिलेत, तर मी सर्व ओळी एका यादीत जुळवून याच थ्रेडला जोडीन. पहिली ओळ पणदऱ्याची, वर सातव्या क्रमांकात दिली आहे.