अपुऱ्या साधनांची आरती

गेल्या वर्षी एका महाविद्यालयीन स्पर्धेसाठी आलेली काव्यवाचनाची ध्वनिमुद्रणे तपासण्याचे काम आमच्याकडे आले होते. एका विद्यार्थिनीने आपल्या कवितांना स्वतःच गिटारची साथ दिली होती आणि सारे घरीच, एका स्वस्त मायक्रोफोनवर मुद्रित केले होते. मागे एक सलग घरघर ऐकू येत होती. आमच्यासोबतचे एक परीक्षक नेमके त्या घरघरीवर भाळले. 'यात कारागिरी नाही, म्हणूनच हे खरे आहे,' असा अभिप्राय त्यांनी लिहिला. आम्हीही त्याखाली सही केली. निकालानंतर तो आम्ही तिला कौतुकाने वाचून दाखवला. ती म्हणाली, "सर, तो पंखा होता. खोलीत आजी झोपली होती, बंद करता आला नाही. आणि अकरा वेळा रेकॉर्ड केलंय मी."

आम्ही खजील झालो. हा लेख त्या सहीचे प्रायश्चित्त समजावा.

'घरगुती' म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी आमचा वाद नाही. त्यांना महागडा स्टुडिओ हवा असतो आणि त्यांची अभिरुची पावती पाहून ठरते. वाद आहे तो आमच्याच पंथातील मंडळींशी. कच्चे ते सच्चे, साधन अपुरे तितका अनुभव अस्सल, हे समीकरण आम्ही वर्गात दलित आत्मकथनांपासून लोकगीतांपर्यंत सर्वत्र वापरत आलो आहोत. लेखकाने केलेली निवड आपल्याला दिसली नाही, की तिला 'सहजता' म्हणून मोकळे होण्याची ही सोय आहे.

या पंथाचे आवडते दैवत म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' हा संग्रह. कथा सर्वांना पाठ आहे: न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील भाड्याचे घर, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे टीअ‍ॅकचे यंत्र, शूअर कंपनीचे दोन साधे मायक्रोफोन, गिटार, हार्मोनिका आणि एकटा माणूस. कथेत न सांगितला जाणारा भाग असा, की हा माणूस गरीब नव्हता. त्याचा १९८० चा 'द रिव्हर' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला होता आणि हवा तो स्टुडिओ त्याला खुला होता. घरची कॅसेट हा वादकांना चाली कळाव्यात म्हणून केलेला कच्चा खर्डा होता. पुढे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पूर्ण वाद्यवृंदासह तीच गाणी करून पाहिली गेली (त्यांतली काही २०२५ मध्ये प्रसिद्धही झाली). दोन्ही ऐकून, तोलून त्याने खर्डा निवडला. आणि त्या कॅसेटचा आवाज तबकडीवर उतरवताना तंत्रज्ञांची चांगलीच दमछाक झाली. ज्याला आपण अपघाती साधेपणा म्हणतो, त्यामागे एवढी संपादनप्रक्रिया आहे. हस्तलिखिताच्या खाडाखोडीवर प्रबंध लिहिणाऱ्या आम्हाला ती दिसू नये, हे नवलच.

इलेक्ट्रिक गिटारचे उदाहरण तर याहून बोलके आहे. लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांचे १९५१ चे 'हाऊ हाय द मून' घरीच मुद्रित झाले. एकाच टेप यंत्रावर आधीच्या थरात नवा थर मिसळत जायचे. मिसळताना आधीचा थर स्वतंत्र उरत नसे. शेवटच्या थरात एक सूर चुकला तर सारे पुन्हा पहिल्यापासून! येथे कारागिरी नाही असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? पुढे १९६८ मध्ये कीथ रिचर्ड्सने 'स्ट्रीट फायटिंग मॅन'साठी साध्या गिटारचा आवाज छोट्या फिलिप्स कॅसेट यंत्रात मुद्दाम पेलवणार नाही इतका भरला, फाटू दिला आणि त्यावर स्टुडिओत गाणे उभे केले. तो फाटलेपणा त्याला हवा होता. आमच्या विद्यार्थिनीला पंखा नको होता. हा भेद ज्याला ऐकू येत नाही, त्याने परीक्षकाच्या खुर्चीत बसू नये, आम्हीही नव्हेच.

तो ऐकू यायला थोडे शिकावे लागते. अकूस्टिक गिटारच्या पोटावरील गोल छिद्रासमोर मायक्रोफोन धरला की खर्ज घुमतो आणि शब्द गिळतो. तोच बाराव्या फ्रेटसमोर, वीत-दीड वीत अंतरावर नेला की तारेची धार येते. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज डबक्यासारखा होतो. पाठीमागे गोधडी टांगली, कपड्यांचे कपाट उघडे ठेवले, की तो आवरतो. इलेक्ट्रिक गिटारच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन मध्यावरून बोटभर कडेला सरकवला तरी कर्कशपणा उतरतो. स्पीकर वगळून गिटार थेट संगणकाला जोडली, तर स्पीकर एरवी गाळून टाकतो तो वरचा चिरका भाग तसाच राहतो आणि आवाज टोचू लागतो. यातले प्रत्येक बोटभर अंतर म्हणजे एक निर्णय आहे, कवितेतल्या यतीइतकाच. छंदशास्त्र शिकवताना आम्ही मात्रा मोजतो. मग येथे कान बंद करून 'उत्स्फूर्त' हा शिक्का मारण्याचा आळस का?

त्या विद्यार्थिनीने अलीकडे तीच कविता पुन्हा मुद्रित केली. आजी गावी गेली होती. पंखा बंद, दाराला गोधडी. आम्ही दोनदा ऐकली. दुसऱ्या कडव्यात गिटारची एक तार किंचित उतरली आहे आणि शेवटच्या ओळीला ती मायक्रोफोनच्या फार जवळ येते, असे तिला कळवले. तार तिला माहीत होती. शेवटच्या ओळीबद्दल मात्र तिने आमच्याशी अर्धा तास वाद घातला.