पाणबुडीतून सुटका: प्राणवायूची पिशवी आणि विस्मृतीत गेलेली झडप

१/ ९ जून १९३१. चीनच्या वेइहायवेईजवळच्या समुद्रात ‘पोसायडन’ ही ब्रिटिश पाणबुडी एका व्यापारी जहाजाशी टक्कर होऊन सुमारे ४० मीटर खोल तळाशी गेली. आत अडकलेल्यांपैकी आठ जण बाहेर पडले. दोघे पृष्ठभागापर्यंत पोचलेच नाहीत, एक नंतर दगावला, पाच वाचले.

२/ या सुटकेचे श्रेय रॉबर्ट डेव्हिस यांच्या श्वसन-उपकरणाला दिले जाते. ब्रिटिश नौदलाने ते १९२९ साली स्वीकारले होते. छातीवर रबरी पिशवी, प्राणवायूची छोटी टाकी आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषणारे रसायन, अशी त्याची रचना. तोच वायू पुन्हा पुन्हा श्वासात घेता येई. आजच्या ‘रीब्रीदर’चे तत्त्व हेच.

३/ मात्र हे श्रेय अर्धेच आहे. पिशवी श्वास पुरवते. माणसाला जिवंत वर आणण्यात तितकाच वाटा तिच्यावरील एकमार्गी झडपेचा असतो.

४/ कारण बॉइलचा नियम. ४० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट असतो. माणूस वर येताना तोच वायू पाचपट फुगतो. त्यातील दुप्पट वाढ एकट्या शेवटच्या १० मीटरमध्ये होते. पिशवीला फुफ्फुसे जोडलेली असतात. वाढलेल्या वायूला वाट मिळाली नाही, तर ती फाटू शकतात.

५/ म्हणूनच झडपेची रचना हा कसोटीचा प्रश्न ठरतो. स्प्रिंग नरम असेल तर मोलाचा वायू वाया जातो. ताठ असेल तर झडप उशिरा उघडते. आणि एक-दीड मीटर पाण्याइतका जादा दाबही फुफ्फुसांना घातक ठरू शकतो. अंधारात, भीतीने गोठलेल्या माणसाकडून झडप हाताने उघडण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. ती आपोआपच उघडली पाहिजे.

६/ आक्षेप घेता येईल: १९३९ साली लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ बुडाली, तेव्हाही हेच उपकरण होते, तरी ९९ जण मेले आणि चौघेच वाचले. खरे आहे. पण बहुतेकांना पाणबुडीबाहेर पडताच आले नाही. यातून झडप क्षुल्लक ठरत नाही. सुटकेच्या साखळीतील प्रत्येक कडी तितकीच महत्त्वाची, एवढेच सिद्ध होते.

७/ तंत्रज्ञानाचा इतिहास साठवणाऱ्या यंत्रांची नावे जपतो: टाकी, पिशवी, इंजिन. योग्य क्षणी सोडून देणाऱ्या भागांची नोंद क्वचितच होते. तळातून वर आलेल्या माणसांचा हिशेब मांडताना ही उणीव भरून काढायला हवी.