शंभर मिलिवॉटचा आवाज किती दूर जातो?

मोटारीत एएम रेडिओ असावा की नसावा, यावर अमेरिकेत गेली काही वर्षे वाद चालू आहे. विजेवर चालणाऱ्या काही मोटारींतून तो काढला गेला. फोर्डनेही तसे ठरवले होते, पण मे २०२३ मध्ये निर्णय फिरवला. एएमच्या बाजूने मुख्य मुद्दा आपत्तीचा आहे. वादळात मोबाइलचे टॉवर बंद पडले तरी बॅटरीवरचा साधा रेडिओ बोलत राहतो. मग असे एखादे छोटे केंद्र परवान्याविना चालवता येईल का? साथीच्या काळात दवाखाना कुठे सुरू आहे, पाणी उकळून प्यावे का, हे सांगणारा गल्लीतला आवाज कुठल्याही डॉक्टरला हवाच असतो. म्हणून हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही.

अमेरिकेत कायदा परवानगी देतो. दूरसंचार आयोगाच्या, म्हणजे एफसीसीच्या नियमावलीतील भाग १५ नुसार ५१० ते १,७०५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात कोणीही परवान्याशिवाय प्रक्षेपण करू शकतो. अटी दोन. ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला मिळणारी वीज १०० मिलिवॉटपेक्षा जास्त नको. आणि अँटेना, तिच्यापर्यंत जाणारी तार व अर्थिंगची तार यांची एकूण लांबी ३ मीटरच्या आत हवी.

लोकांचे लक्ष मिलिवॉटकडे जाते. खरी गोम ३ मीटरमध्ये आहे. १,६०० किलोहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे १८७ मीटर असते. चांगली उभी अँटेना तिच्या पावपट, म्हणजे जवळपास ४७ मीटर उंच लागते. ३ मीटरची काठी त्यापुढे काहीच नाही. तिचा ‘प्रारण रोध’ जेमतेम ०.१ ओहम भरतो, तर कॉइल आणि जमीन यांतला वीज खाणारा रोध सहज दहा-वीस ओहम असतो. त्यामुळे शंभरातला फार तर एखादा मिलिवॉट लहर बनून बाहेर पडतो आणि बाकीची उष्णता होते. पट्ट्याच्या खालच्या टोकाला, ५३० किलोहर्ट्झच्या आसपास, हे गणित आणखी दहा पटीने बिघडते. जाणकार मंडळी वरचे टोक धरतात ते यासाठीच.

अशा केंद्राचा उपयुक्त पल्ला एफसीसी स्वतः सुमारे २०० फूट सांगते. नीट उभारणी केली, जवळपास त्या फ्रीक्वेन्सीवर दुसरे केंद्र नसले आणि ऐकणारा मोटारीत असला, तर दिवसा त्याहून बरेच पुढे ऐकू येते, हेही खरे. पण एक-दोन मैलांच्या गप्पा ऐकल्या की मी आधी अर्थिंगची तार बघायला सांगेन. ट्रान्समीटर गच्चीवर ठेवायचा आणि तिथून जमिनीपर्यंत दहा मीटर तार सोडायची, की ती तारच अँटेना होते. पल्ला वाढतो खरा, पण नियम मोडतो. २०२० च्या कायद्याने बेकायदा प्रक्षेपणाच्या दंडाची कमाल मर्यादा २० लाख डॉलरवर नेली आहे. आरोग्याचा संदेश देणाऱ्या संस्थेने या फंदात पडू नये.

रात्री आणखी एक अडचण येते. सूर्य मावळला की मध्यम लहरी शोषून घेणारा वातावरणातला खालचा थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे परावर्तित होऊन खाली येतात. आपला एक मिलिवॉट त्या गोंगाटात बुडतो. घरात तर दिवसाही बोंबच. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टच्या मोटारी यांची खरखर नेमकी याच पट्ट्यात येते. रुग्णालयाइतकी खरखर तर क्वचितच कुठे असेल.

म्हणजे हे साधन मोटारतळाचे किंवा एखाद्या आवाराचे. करोनाच्या काळात अमेरिकेतल्या चर्चनी लोकांना मोटारीतच बसवून छोट्या ट्रान्समीटरवरून प्रार्थना ऐकवल्या, तेव्हा हा पल्ला पुरेसा होता. बहुतेकांनी त्यासाठी एफएम वापरले. त्याहून जुना मार्ग विजेच्या तारांतूनच एएम सोडण्याचा. ब्राउन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९३६ मध्ये वसतिगृहांसाठी तो वापरला. महामार्गांवरच्या सूचनांसाठी सरकारी यंत्रणांना १० वॉटपर्यंतची परवानाधारक एएम केंद्रे मिळतात. गावाला सावध करायचे असेल, तर शहाणपणाचा रस्ता तोच.

आपल्याकडे भाग १५ सारखी सवलत नाही, प्रक्षेपणाला परवाना लागतोच. बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील एका तरुणाने रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून चालवलेले एफएम केंद्र लोकप्रिय असूनही २००६ मध्ये बंद करण्यात आले. त्याच वर्षी सामुदायिक रेडिओचे दार स्वयंसेवी संस्थांनाही उघडले. आपल्या साताऱ्यातल्या म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ हे त्यातलेच. ही केंद्रे एफएमवर चालतात, ट्रान्समीटर ५० वॉटपर्यंतचा असतो. परवान्याची कागदपत्रे कंटाळवाणी असतात, पण पल्ला काही किलोमीटरचा मिळतो.

या लहरींनी आरोग्य बिघडते का, असे कोणी विचारेलच. टॉवर दूर असला की आपल्या खिशातला मोबाइल याहून कितीतरी जास्त शक्तीने प्रक्षेपण करतो. त्या भीतीने कोणी अडू नये. अडचण वेगळीच आहे. त्या मोबाइलमध्ये एएम रेडिओ नसतो, आणि आमच्या ओपीडीबाहेरच्या रांगेत ट्रान्झिस्टर घेऊन आलेला माणूस मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही.