प्रबंध आणि पेन्शन

पीएच.डी.ला नोंदणी झाल्याचे कळताच वॉर्डातल्या मुलींनी पेढे मागितले आणि कार्यालयातल्या मंडळींनी जन्मतारीख विचारली. मी बावन्न वर्षांची, सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका. राज्य सरकारी नोकरीत आम्ही 58व्या वर्षी निवृत्त होतो. यूजीसीच्या 2022च्या नियमांत पीएच.डी.साठी किमान तीन आणि साधारण सहा वर्षे धरली आहेत, बायकांना वर दोन वर्षांची सवलत. म्हणजे रमतगमत गेले तर प्रबंध आणि पेन्शनचे कागद एकदमच सादर होतील. हा विनोद मी स्वतःच करून टाकते, म्हणजे इतरांचे कष्ट वाचतात.

‘या वयात कशाला?’ याचे माझे उत्तर बेडसोर हे आहे.

दाबाने होणाऱ्या जखमेची पहिली खूण आम्हाला अशी शिकवली गेली: हाडावरची कातडी लाल होते आणि बोटाने दाबून सोडली तरी लाली जात नाही. गोऱ्या कातडीला हे ठीक. आमच्याकडे येतात त्या उन्हात रापलेल्या, सावळ्या पाठी. तिथे लाली दिसायची वाट पाहिली तर जखमच दिसते. हल्लीच्या पुस्तकांत याची नोंद असते, पण वॉर्डातल्या जुन्या सिस्टर पुस्तकासाठी थांबल्या नव्हत्या. पेशंटला कुशीवर घ्यायचे, माकडहाडापाशी हाताची पालथी बाजू टेकवायची. भोवतालच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागली किंवा टणक लागली की समजायचे. हे ज्ञान आमच्या हातात आहे, कागदावर फार थोडे. हात निवृत्त झाले की तेही जाते.

धोका मोजायला आम्ही ब्रेडन स्केल वापरतो. 1987 साली अमेरिकेत दोन परिचारिका-संशोधकांनी ते प्रसिद्ध केले. संवेदना, ओलावा, हालचाल, आहार असे सहा निकष, उत्तम साधन. पण रात्री दोन वाजता पेशंटची कूस कोण बदलणार, हा निकष त्यात नाही. आमच्याकडे बहुतेकदा ते काम पलंगाखाली चादर टाकून झोपलेला मुलगा नाहीतर सून करते, कारण एका सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो. त्या मुलाला नीट शिकवले, तर जखमा कमी होतात का? मला हे मोजायचे आहे.

उलट आमच्या क्षेत्रातले कितीतरी प्रबंध एकाच साच्यातले. अमुक विषयाची माहिती तमुक विद्यार्थिनींना द्यायची. आधी प्रश्नावली, मग तास, मग तीच प्रश्नावली. गुण वाढतात. शिकवल्यावर वाढणारच की! यात मुलींचा दोष नाही. दोन वर्षांत एम.एस्सी. उरकायचे तर दुसरे काय करणार? वॉर्डात वर्षे घालवल्याशिवाय वॉर्डाचे प्रश्न दिसत नाहीत, आणि दिसायला लागतात तोवर शिक्षणाचे दरवाजे मिटत आलेले असतात.

नर्सने नीट मोजले तर काय होते? लिंडा एकन या मुळात नर्स. त्यांच्या गटाने पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांच्या नोंदी तपासून 2002 मध्ये दाखवले की नर्समागे एकेक पेशंट वाढला, तर शस्त्रक्रियेच्या पेशंटची तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली दिसते. मनुष्यबळ कमी आहे हे आपण मोर्च्यात ओरडून सांगतो. त्यांनी ते मृत्यूच्या हिशेबात मांडले.

निवृत्ती जवळ आली की अध्ययन रजा सहसा मिळत नाही. सरकारी पैशाचा परतावा मिळावा, हा त्यामागचा विचार मला मान्य आहे. पण मला रजा नकोच. माझी प्रयोगशाळा वॉर्ड आहे, आणि रात्रपाळीही काढू नका, माझा विषयच रात्रीचा आहे. आठवड्यातला एक दिवस नोंदी तपासायला द्या, आकडेमोड समजावणारा एक माणूस रुग्णालयात नेमा, आणि संशोधनाच्या अर्जावरची जन्मतारीख आधी वाचायचे सोडून विषय आधी वाचा. एवढ्याने सरकारी तिजोरीला भोक पडणार नाही.