चाकं थांबतात तिथून पुढे

मुलांनो, रविवारी सकाळी आमच्या चौकच्या नाक्यावर उभं राहिलं की मोठी गंमत दिसते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून एकामागून एक मोटारसायकली येतात. पुढे नवरा, मागे बायको. कधी कधी पुढे बायको आणि मागे नवरा! पाठीवर फुगलेल्या पिशव्या, पायात जाड बूट. नाक्यावर चहा-वडापाव होतो आणि मंडळी डोंगराकडे वळतात. कुणाला प्रबळगड बघायचा असतो, तर कुणाला इर्शाळगडाचं नेढं गाठायचं असतं. नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, अगदी सुईला असतं तसं. गाडी पायथ्याच्या गावात उभी राहते. पुढची वाट पायांची.

आमच्या चौथीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, ही माणसं एवढ्या लांबून येतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांना इथलं दिसतं तरी काय?"

प्रश्न छान आहे ना? त्याचं उत्तर म्हणून आज तुम्हाला एका जोडप्याची ओळख करून देते.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पिवळ्या गळ्याच्या चिमणीची त्यांची गोष्टही वाचली असेल. त्यांचा जन्म मुंबईचा, १८९६ सालचा. १९१८ मध्ये त्यांचं तेहमिना यांच्याशी लग्न झालं. सालिम अलींना दोन वेड होती. एक पक्ष्यांचं आणि दुसरं, सांगा बघू कशाचं? मोटारसायकलचं! पहिली मोटारसायकल त्यांना ब्रह्मदेशात, तवॉय गावी मिळाली. पुढे सनबीम, हार्ले-डेव्हिडसन, डग्लस अशा कितीतरी गाड्या त्यांनी चालवल्या.

मुंबईच्या संग्रहालयात त्यांना नोकरी होती. पक्षिशास्त्र शिकायला ते रजा घेऊन जर्मनीला गेले आणि १९३० मध्ये परत येऊन बघतात तर काय, ती जागाच रद्द झालेली! मग दोघं आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला आली. तेव्हा या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. नोकरी नव्हती, पण बघायला वेळ भरपूर होता. समोर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सालिम अली रोज त्यांचं निरीक्षण करू लागले.

आता गंमत ऐका. आपण या पक्ष्याला 'सुगरण' म्हणतो, म्हणून वाटतं की घरटं मादीच विणत असेल. पण विणकर असतो नर. तो अर्धं घरटं विणतो आणि थांबतो. मग मादी येते, आत शिरते, घर नीट तपासते. पसंत पडलं तरच राहते. त्यानंतर नर ते घरटं पुरं करतो, मादी अंडी घालते आणि हा पठ्ठ्या दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं विणायला घेतो! सुगरणीच्या संसाराची ही रीत सालिम अलींनी किहीमला बसून उलगडली.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. पगार मागितला नाही. मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा द्या, म्हणाले. सुरुवातीच्या या पाहण्यांत तेहमिना त्यांच्याबरोबर असत. घर सोडून तंबूत राहायचं, रानात पायी हिंडायचं, कोणता पक्षी कुठे आणि केव्हा दिसला हे लिहून ठेवायचं. धाडस म्हणजे फक्त कडा चढणं नव्हे, हेही धाडसच की!

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना वारल्या. सालिम अली पार खचून गेले. तरी काम सोडलं नाही. भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक १९४१ मध्ये आलं.

आणि मोटारसायकल? तीही सुटली नाही. १९५० मध्ये स्वीडनमधल्या उप्साला शहरात जगभरातले पक्षितज्ज्ञ जमणार होते. सालिम अलींनी आपली सनबीम बोटीवर चढवली आणि युरोपात तिच्यावरून भटकत सभेला गेले. वय ५३! जर्मनीतल्या दगडी रस्त्यांवर ते कितीदा तरी पडले. सामानाने लादलेली गाडी उप्सालाला पोचली, तेव्हा हा माणूस थेट भारतातून गाडी चालवत आला, अशी बातमी पसरली! पण त्यांचं नाव जगात झालं ते या फेरफटक्याने नव्हे. ते झालं किहीमसारख्या ठिकाणी तासन्‌तास थांबून बघण्याने.

आता पुन्हा आमच्या डोंगराकडे या. पाहुण्यांना जी इर्शाळगडाची वाट धाडसाची वाटते, ती इर्शाळवाडीतल्या ठाकूर मंडळींची रोजची वाट होती. शाळा, बाजार, दवाखाना सगळं तिथूनच. १९ जुलै २०२३ च्या रात्री वाडीवर दरड कोसळली. कितीतरी माणसं गेली. वर गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मदतीला धावलेल्यांनाही पावसात चिखल तुडवत पायीच चढावं लागलं. म्हणून डोंगरात जाल तेव्हा तिथल्या माणसांनाही बघा. त्यांना नमस्कार करा, वाट विचारा, पाणी मागून प्या. त्यांच्या अंगणात कचरा टाकू नका.

पालकांनाही दोन शब्द. मुलांना गाडीवर न्याल तर हेल्मेट सगळ्यांनाच हवं, मागे बसणाऱ्या लेकरालासुद्धा. भर पावसात गडांच्या वाटा निसरड्या असतात. सरकारी मनाई असेल तेव्हा तर जाऊच नका. गड कुठे पळून जात नाही.

आणि दोस्तांनो, तुम्हाला एक काम. पाऊस सुरू झाला की घराजवळ विहिरीवर, बाभळीवर किंवा शिंदीच्या झाडावर सुगरणीची घरटी शोधा. मोठं माणूस बरोबर घ्या, लांबूनच बघा, घरट्याला हात लावू नका. एका जागी अर्धा तास गप्प बसायचं. जमेल? किती घरटी पुरी, किती अर्धवट, मादी किती वेळा आली, तारीख-वेळ घालून वहीत लिहा. आई-बाबांना शेजारी बसवा, म्हणजे दोघं-तिघं मिळून पाहणी होईल. वहीतलं ते पान मला पाठवा. मी वाट बघते.